गाण्यातली घूं घूं आणि तिसरी पिन



१७ सप्टेंबर हा आपल्या मराठवाड्याचा मुक्तिदिन. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. म्हणून दरवर्षी त्या दिवशी गावोगाव झेंडावंदन होते.

असेच एकदा आम्ही देवणीजवळच्या एका गावी झेंडावंदनाला गेलो होतो. रात्री पाऊस पडून गेला होता. शाळेचे पटांगण ओले होते. पोरे रांगेत उभी होती. लिंबाच्या झाडाला कर्णा बांधला होता. टेबलावर लॅपटॉप होता. लॅपटॉप म्हणजे मांडीवर घेऊन चालवता येईल असा लहान संगणक. त्यात गाणी साठवलेली होती. लॅपटॉपमधून एक तार आवाज मोठा करणाऱ्या पेटीत गेली होती. या पेटीचे नाव अँप्लिफायर. माईकवाले तिला नुसते 'मशीन' म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

गुरुजींनी बटण दाबले. पण गाण्याआधी कर्ण्यातून आवाज आला, घूंऽऽऽ! जणू कर्ण्यात भुंगा शिरला. मग गाणे सुरू झाले. तरी घूं घूं काही थांबेना.

कोणी म्हणाले, "आवाज वाढवा. म्हणजे घूं घूं दबंल."

आवाज वाढवला. गाणे वाढले आणि घूं घूंही वाढली!

तेवढ्यात माईकवाला पोरगा पक्कड घेऊन पुढे आला. म्हणाला, "गुरुजी, मशीनच्या प्लगची ही तिसरी पिन मोडून टाकतो. घूं घूं जाती बघा. म्या लई ठिकाणी केलंय."

गर्दीत एक म्हातारे वायरमनकाका उभे होते. त्यांनी पोराचा हात धरला.

"थांब लेकरा. पिन मोडू नगं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढ बघू."

पोराने चार्जर काढला. घूं घूं तिथल्या तिथे बंद झाली. गाणे स्वच्छ वाजू लागले.

आता पाहा. पिन मोडली असती, तरी बहुधा घूं घूं गेली असती. मग काकांनी पोराला का अडवले? दोन्ही उपायांत फरक काय? तो फरक एका जिवाचा आहे. तोच आज आपण समजून घेऊ.

आधी आवाज ओळखा

आपला हा भाग देवणी गाई-बैलांचा. जाणता माणूस जनावर पाहताच त्याचा प्रकार सांगतो. सगळे अंग पांढरे असेल तर बालंक्या. अंग पांढरे आणि तोंडावर काळे असेल तर वानेरा. अंगावर काळे-पांढरे ठिपके असतील तर शेवरा. नुसते 'बैल आहे' म्हटल्याने काही कळत नाही.

तसेच आवाजाचे आहे. नुसते 'खराब वाजते' म्हणून भागत नाही. कसे खराब वाजते, ते कान देऊन ऐका. प्रत्येक आवाजाचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा. सोपे आवाज आधी घेऊ.

खर्र... खट्... खर्र... तार हलवली की हा आवाज येतो. याचा अर्थ, पिन नीट बसलेली नाही किंवा तार आतून तुटली आहे. लॅपटॉपच्या भोकात जाणारी पिन साडेतीन मिलिमीटर जाडीची असते. ती शेवटपर्यंत आत बसली पाहिजे. पिनेवर धूळ असेल तर मशीन बंद करून कोरड्या फडक्याने पुसा. तरीही खरखर राहिली तर दुसरी तार लावून पाहा. पाहुण्यासारखी एक जादा तार नेहमी जवळ असू द्यावी.

फाटका, चिरका आवाज. पायलीच्या मापात दोन पायल्या ओतल्या तर काय होईल? धान्य सांडेल. तसेच इथे होते. मशीनला पुष्कळदा दोन जातींची भोके असतात. एक माईकचे, दुसरे गाणी वाजवण्याचे. त्या दुसऱ्यावर बहुधा 'ऑक्स' असे लिहिलेले असते. माईकमधून फार बारीक वीज येते, एका व्होल्टचे काही हजारांश. लॅपटॉपमधून येणारी वीज तिच्या शेकडो पट असू शकते. ती माईकच्या भोकात घातली की माप भरून सांडते आणि आवाज फाटतो. म्हणून लॅपटॉपची तार ऑक्समध्येच घाला. गाणे वाजवणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये आवाज शंभराच्याही पुढे नेता येतो. तो शंभराच्या आत ठेवा.

सळसळ, जशी वाळल्या पानांची. हे याच्या उलटे. लॅपटॉपचा आवाज अगदी कमी ठेवला आणि मशीनचे बटण पुरते फिरवले, की ही सळसळ येते. प्रत्येक मशीनमध्ये थोडी सळसळ असतेच. ती म्हणजे भुसा. गाणे म्हणजे दाणा. तुम्ही दाणा थोडा दिला आणि मशीनला म्हणालात, 'वाढव', तर ते भुसाही वाढवणारच. म्हणून लॅपटॉपचा आवाज सुमारे बारा आणे ठेवा. मग मशीनचे बटण हळूहळू वर न्या. दाणा जास्त, भुसा कमी!

टर्र टर्र टर्र. मध्येच येतो, मध्येच जातो. हा मोबाईलचा उद्योग. मोबाईल तारेजवळ किंवा मशीनवर ठेवला की त्याच्या लहरी तारेत शिरतात. मोबाईल दोन हात लांब ठेवा. झाले काम.

कुंईऽऽऽ अशी शीळ. हा दोष लॅपटॉपचा नव्हे. माईक कर्ण्यासमोर आला की कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरतो. तो पुन्हा कर्ण्यातून बाहेर येतो आणि पुन्हा माईकमध्ये शिरतो. माईक कर्ण्याच्या मागे घ्या. भाषण नसेल तेव्हा माईक बंद ठेवा.

वाद्ये वाजतात, पण गाणारा गायब! याचा पुष्कळांना मोठा अचंबा वाटतो. गाण्याचे दोन भाग असतात, डावा आणि उजवा. गाणाऱ्याचा आवाज बहुधा दोन्हींत सारखा असतो. तार चुकीच्या जातीची असेल किंवा पिन अर्धवट बसली असेल, तर एक भाग दुसऱ्यातून वजा होतो. पाचातून पाच गेले, राहिले शून्य. गाणारा हरवतो आणि वाद्ये उरतात. पिन पुरती बसवा. तरीही तसेच राहिले तर माईकवाल्याकडून डावे-उजवे एकत्र करणारी तार घ्या.

घूं घूं कुठून येते?

आता मुख्य आवाजाकडे वळू. एकसारखी, न थांबणारी, तानपुऱ्याच्या खर्जासारखी घूंऽऽ.

आपल्या घरी येणारी वीज एका दिशेने वाहत नाही. ती पुढे जाते, मागे येते. सेकंदाला अशा ५० फेऱ्या होतात. घूं घूं ही या फेऱ्यांचीच. कर्ण्यात गाणे वाजायचे, तिथे घरातली वीजच गाऊ लागते!

पण वीज गाण्याच्या तारेत शिरते कशी? दोन हौदांची कल्पना करा. दोन हौद शेजारी आहेत. मध्ये एक नळी जोडली आहे. दोन्हींतले पाणी एका पातळीवर असेल, तर नळीत हालचाल नसते. एका हौदातले पाणी जरा वर असेल, तर नळीतून पाणी वाहू लागते.

लॅपटॉप हा एक हौद समजा. मशीन हा दुसरा हौद. मधली गाण्याची तार म्हणजे नळी. लॅपटॉपचा चार्जर एका खोलीतल्या बोर्डात घातला आणि मशीन दुसऱ्या खोलीतल्या बोर्डात घातले, तर दोन्हींच्या अर्थिंगची पातळी अगदी सारखी नसते. मग गाण्याच्या तारेतून थोडी वीज वाहू लागते. इकडून अर्थिंग, तिकडून अर्थिंग आणि मध्ये तार, असा एक गोल तयार होतो. त्या गोलात ती वीज फिरत राहते. तीच आपल्याला घूं घूं म्हणून ऐकू येते.

वायरमनकाकांनी चार्जर काढायला सांगितला, तेव्हा हा गोल तुटला. लॅपटॉप आपल्या पोटातल्या बॅटरीवर चालू लागला. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. ती थरथरत नाही. म्हणून घूं घूं थांबली.

घूं घूं घालवण्याची रीत

एकेक पायरी करत जा. प्रत्येक पायरीनंतर ऐका. तार काढताना किंवा घालताना मशीनचा आवाज आधी खाली करा. नाहीतर धडाम् आवाज होतो आणि कर्णा फाटू शकतो.

पहिली पायरी. गाण्याची तार मशीनमधून काढा. माईकही काढा. तरीही मशीन घुमत असेल तर दोष मशीनच्याच पोटात आहे. ते कारागिराकडे न्या. स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या काही भागांत वीज साठून राहते.

दुसरी पायरी. तार पुन्हा लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. घूं घूं गेली, तर कारण सापडले. आदल्या रात्री बॅटरी पुरती भरून ठेवा आणि कार्यक्रम बॅटरीवर करा. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

तिसरी पायरी. कार्यक्रम लांबचा आहे आणि बॅटरी पुरणार नाही, असे असेल तर लॅपटॉप आणि मशीन एकाच बोर्डात घाला. दोघांना एकच अर्थिंग मिळाले की पातळी जवळपास सारखी होते. मात्र त्याच बोर्डात पाण्याची मोटर, इस्त्री असे दुसरे काही घालू नका.

चौथी पायरी. गाण्याची तार विजेच्या तारेला चिकटून नेली असेल तर ती वेगळी करा. दोन्ही तारा एकमेकींना ओलांडणारच असतील, तर फुलीसारख्या आडव्या ओलांडू द्या. उरलेल्या तारेचे वेटोळे मशीनवर ठेवू नका. गाण्याच्या तारेच्या आत बारीक तारांची जाळी असते. ती शेताच्या कुंपणासारखी बाहेरची वीज अडवते. कुंपण मोडले की गुरे शिरतात. जाळी तुटली की घूं घूं शिरते. अशा वेळी तार बदलणे हाच उपाय.

पाचवी पायरी. एवढे करूनही घूं घूं राहिली, तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी मिळते, ती आणा. ती गाण्याच्या तारेत मध्ये जोडतात. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातला आवाज दुसऱ्यात जातो, पण दोन्ही एकमेकांना जोडलेली नसतात. मग जातो कसा? लोहचुंबकाच्या गुणाने जातो. हा गुण मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधला. गावाबाहेर खांबावर जी डीपी असते, तीही याच गुणावर चालते. डबी लहान, डीपी मोठी, एवढाच फरक. पण ध्यानात ठेवा, ही डबी फक्त गाण्याच्या तारेसाठी आहे. घरच्या विजेशी तिचा संबंध येऊ देऊ नका.

मशीनला ब्लूटूथची सोय असेल तर तारच नको. लॅपटॉपमधून गाणे हवेतून जाते. नळीच नाही, तर पाणी वाहणार कुठून?

आणि लाइट गेली तर? साध्या, स्वस्त इन्व्हर्टरवर मशीन लावले की ते पुष्कळदा घुरघुरते, कारण त्या इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत नसते. पुष्कळ मशीनना १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालण्याची सोय असते. मशीन त्या बॅटरीवर आणि लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर. मग घूं घूंला जागाच नाही.

तिसरी पिन कशासाठी?

आता त्या पक्कडीकडे येऊ.

प्लगला तीन पिना असतात. दोन सारख्या, तिसरी जाड आणि लांब. ही तिसरी पिन अर्थिंगची. ती लांब का? प्लग घालताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून. राखणदाराने आधी यावे आणि शेवटी जावे, तसे. या पिनेची तार हिरवी किंवा हिरवी-पिवळी असते. ती बोर्डातून जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत किंवा नळीपर्यंत जाते.

मशीन जुने झाले, आतली तार झिजली, उंदराने कुरतडली, तर जिवंत तार पेटीच्या पत्र्याला टेकते. अर्थिंग नीट असेल तर ती वीज तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जाते. फ्यूज उडतो. मशीन बंद पडते. माणूस वाचतो.

आता पिन मोडली आहे असे समजा. तीच वीज पत्र्यात दबा धरून बसते. मशीन तर झकास वाजते! घूं घूं नाही, काही नाही. पत्र्यात आलेली वीज माईकच्या तारेच्या जाळीतून माईकच्या लोखंडी दांड्यापर्यंत पोचते. मग कोणी भजनीबुवा किंवा शाळेतली एखादी पोरगी अनवाणी पायाने ओल्या जमिनीवर उभी राहते आणि माईक हातात घेते. विजेला जमिनीत जायला वाट हवीच होती. ती माणसातून मिळाली.

किती विजेने माणसाचा जीव धोक्यात येतो? एका अँपिअरचे हजार भाग करा. त्यातले ३० भाग काही क्षण छातीतून गेले तरी धोका आहे. घरातला ९ वॅटचा छोटा दिवासुद्धा सुमारे ४० भाग वीज घेतो. म्हणजे एका छोट्या दिव्यापुरती वीजही घातकी ठरू शकते.

त्या दिवशी पटांगण ओले होते. गाण्यानंतर गुरुजींचे भाषण होते. पाच पोरी समूहगीत म्हणणार होत्या. माईक त्यांच्या हाती जाणार होता.

आणखी एक. चार्जर काढला, तर तो पुन्हा लावता येतो. मोडलेली पिन मोडलेलीच राहते. ते मशीन उद्या सप्त्याला जाते, परवा लग्नाच्या मांडवात जाते. पिन कोणी मोडली, का मोडली, हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून पिन मोडू नका. तिच्यावर टेप गुंडाळू नका. बोर्डाच्या वरच्या भोकात काडी खुपसून तीन पिनेचा प्लग वाकडातिकडा बसवू नका.

अर्थिंगची काळजी

पिन शाबूत आहे, पण बोर्डाला अर्थिंगच नाही, असेही पुष्कळ ठिकाणी असते. शाळा, देऊळ, समाजमंदिर इथले अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या पद्धतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, ओल टिकावी म्हणून. उन्हाळ्यात आपली जमीन कोरडी पडते, काळ्या रानाला भेगा पडतात. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून त्या खड्ड्यात पाणी ओता.

बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा 'आरसीसीबी' बसवून घ्यावा. हा एक खटका असतो. वीज भलत्या वाटेने जाऊ लागली की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडतो.

मशीनला हात लावला आणि मुंग्या आल्या, तर 'थोडा शॉक आहे, चालायचंच' असे म्हणू नका. लगेच मेन स्विच बंद करा. कोणी विजेला चिकटला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमले नाही तर कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. मग १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल आणि छाती दाबण्याचा उपचार कोणाला येत असेल, तर त्याने तो तिथेच सुरू करावा.

शेवटी एवढेच

झेंडावंदन संपले. पोरांनी खाऊ घेतला. पटांगण मोकळे झाले. माईकवाला पोरगा तारा गुंडाळत होता. तो काकांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, माझ्याकडं अजून दोन मशीनं हायती. दोन्हीच्या पिना म्याच मोडल्या."

काका रागावले नाहीत. म्हणाले, "मग आज सांजच्याला घेऊन ये. दोन नवे प्लग लागतील. ते बसवू. पैसा फार लागत न्हाई."

पोराने मान हलवली.

मंडळी, घूं घूं हा नुसता त्रास नाही. विजेची वाट कुठेतरी चुकली, असे ती सांगत असते. तिचे ऐका, कारण शोधा आणि वाट नीट करा. तुमच्या गावच्या भजनी मंडळाचे, शाळेचे, देवळाचे मशीन असेल, तर आजच त्याचा प्लग हातात घेऊन पाहा. पिना मोजा. तीन भरल्या तर ठीक. दोनच भरल्या, तर पुढच्या कार्यक्रमाआधी नवा प्लग बसवून घ्या.